जिन्याखालची नेमणूक

जिन्याखालच्या कपाटातला जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि दोन सख्ख्या बहिणींमधलं बोलणं थांबलं. तसं ते आधीही थांबलेलंच होतं. वडिलांचं नाक कोणाकडे आलंय यावरून दोघींचं वाजलं होतं. ते नाक दोघींनाही नको होतं, आणि दृष्टी गेलेल्या आक्कानं धाकटीचा चेहरा बोटांनी चाचपून निकाल देऊन टाकला होता. तेव्हापासून वरच्या मजल्यावरची आक्का आणि खालची धाकटी एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. फक्त धाकटी रोज एका रहस्यकादंबरीचं एक प्रकरण वाचून रेकॉर्ड करायची, ते कपाटातल्या कॉम्प्युटरवर जायचं, आणि आक्का वर आपल्या स्पीकरचं एकुलतं एक बटण दाबून ऐकायची. याला दोघीही बोलणं मानत नसत.

कॉम्प्युटर बंद पाडला धाकटीच्या नवऱ्यानं. जन्मभर एका कारखान्यात नोकरभरती केल्यामुळे त्यांना सगळे मुलाखतसाहेब म्हणत. जुन्या सिस्टिमनं 'अद्ययावत करू का?' असं विचारलं, आणि कोणी अदबीनं विचारलं की साहेबांना नाही म्हणवत नसे. नवी आवृत्ती एवढी धिप्पाड निघाली की एक जीबी मेमरीत ती मावेना. कॉम्प्युटरनं धापा टाकल्या, मग मान टाकली. आणि कादंबरीत नेमकं सुपाच्या वाटीत विष कोणी घातलं ते कळायचं राहिलं होतं.

"अहो, आज तरी होईल का?" धाकटीनं विचारलं.

"जुन्या सिस्टिमच्या जागी हलकी लिनक्स बसवायची आहे. तिचे प्रकार बरेच आहेत, निवड चालू आहे."

"एखादी घ्या आणि बसवा."

"अशी भरती होत नसते."

साहेबांनी कॉम्प्युटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला, त्याला मॉनिटरचा पडदा जोडला आणि एकेक लिनक्स पेन ड्राइव्हवरून आत बोलावली. पहिली नटूनथटून आली. अर्धपारदर्शक खिडक्या, सूर्यास्ताचं चित्र, आणि काम सुरू व्हायच्या आत निम्मी मेमरी अडवून बसलेली. बाद. दुसरी अंगानं सडपातळ होती, पण इतक्या जुन्या प्रोसेसरशी आपण बोलत नाही असं तिनं तोंडावर सांगितलं. बाद. तिसरा उमेदवार मुकाच निघाला. काळा पडदा, त्यावर नाव विचारणारी एक ओळ आणि लुकलुकणारी रेघ. साहेबांनी वाट पाहिली. खाकरून पाहिलं. समोरून काही येईना. आत्मविश्वास शून्य, असा शेरा मारून त्यांनी त्यालाही घालवलं.

अशा मुलाखती लांबत गेल्या आणि एका सकाळी आक्का कठडा धरत स्वतःच खाली उतरली.

"साहेब, विष स्वयंपाकिणीनं घातलं का?"

"मी वाचलेलं नाही हो, आक्का."

"मग ज्यांनी वाचलंय त्यांना सांगा, कोणी तरी आलंय."

"त्यांना म्हणावं बसा," धाकटी ओट्याजवळून म्हणाली. "वाचते."

साहेब दोघींच्या मधल्या खुर्चीत बसले. दुसऱ्याच वाक्याला आक्कानं विचारलं, "सूप गरम होतं की कोमट?"

"येईल पुढे."

"कोमट सुपात काहीही घातलं तरी लागतं जिभेला."

"तुला काय माहीत?"

"तुझ्या हातचं प्यायलेय मी."

धाकटी दात आवळून पुढे वाचू लागली. पान उलटायच्या आत आक्का पुन्हा म्हणाली, "हा डॉक्टर मागे लंगडत होता. आता धावतोय. तू मधलं गाळलंस."

"नुसतं झाडाझुडपांचं वर्णन होतं."

"मग झाडात काय ते असेल. तुला गाळायला कोणी सांगितलं?"

पुस्तक मिटलं. आक्का जिना चढू लागली. "साहेब, मशीन चालू करा. ते उलट उत्तर देत नाही."

"आत्ता करा," धाकटी म्हणाली. "निदान रेकॉर्ड करताना मध्येमध्ये कोणी बोलत नाही."

"निवड समिती..."

"समिती बरखास्त. तो गप्प बसणारा कुठे गेला?"

"त्याला काही दाखवताच येत नाही."

"कपाटात कोण बघणार आहे? तिथे पडदा आहे का? शिवाय घरात एक तरी गप्प बसणारा हवाच आहे मला."

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं. दाराआड अंधार, एक वायर आत, एक बाहेर. या जागेसाठी आपण सूर्यास्त तपासत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. बाद उमेदवाराला त्यांनी पुन्हा बोलावलं. त्यानं मोजकं विचारलं, मेमरीच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसला आणि कामाला लागला. पंख्याची घरघरसुद्धा निवळली.

धाकटीनं दार लावून घेऊन प्रकरण रेकॉर्ड केलं. दुपारी साहेब जिन्यापाशी आले तेव्हा वरून तिचाच आवाज येत होता.

"सूप कोमट होतं. तू विचारायच्या आत सांगते. आता सगळी झाडं वाचणार आहे, हूं की चूं करायचं नाही."

"वाच की. मी काही बोलतेय का?" आक्का स्पीकरला म्हणाली. "पिंपळ आहे की वड, तेवढं सांग."

खाली पहिल्या पायरीशी धाकटी कान देऊन उभी होती. साहेबांना पाहून दचकली.

"मशीन चालतंय का, बघत होते."

"चालतंय ना?"

"चालतंय," ती म्हणाली. "मध्येमध्ये फार बोलतं."