हवं तितकं

तेजस्वीनं आईच्या हातातला ओला रुमाल हिसकावून घेतला आणि मुठीत दाबला. पाण्याचा ओघळ फरशीवर सांडला. दवाखान्याच्या खाटेवरच्या आण्णांनी मान वळवून त्या ओघळाकडं पाहिलं. ते पाहणं तिला सोसवेना. तिनं त्यावर चप्पल ठेवली.

"व्हट तर भिजवू दे की त्यांचं," तिची आई, आक्काताई म्हणाली.

"भिजवते म्हणतेस आणि तोंडात पिळतेस. मघाशी बघितलं मी."

"दोन थेंबानं काय हुतंय?"

"भूल दिली की पोटातलं वर येतं, आई. श्वासात जातं. दोन थेंब बी नकोत."

आक्काताई भिंतीकडं बघत म्हणाली, "देव पाण्यात घालून आलीया घरात. देव पाण्यात आन् नवरा कोरडा."

खाटेच्या उशाशी पांढरी पाटी होती. तिच्यावर निळ्या शाईत तीनच अक्षरं होती, एन. पी. ओ. निल पर ऑस, म्हणजे तोंडावाटे काही नाही. पेठ वडगावच्या कॉलेजात औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या तेजस्वीला ती कुणी सांगायला नको होती. परीक्षेत या लॅटिन शब्दांचे अर्थ तिनं धडाधड लिहिले होते. ते असे बापाच्या डोक्याशी येऊन उभे राहतील असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

आण्णा म्हणजे पिराजी. कागलजवळच्या गावातून रोज म्हशींचं दूध घेऊन कोल्हापुरात यायचे. दुधात थेंबभर पाणी घातल्याचं त्यांच्या वैऱ्यानंही कधी म्हटलं नव्हतं, आणि तोच माणूस सकाळपासून पाणी पाणी करत होता. म्हैस नुसती शिंकली तरी गुरांच्या डॉक्टरला घरातून उठवून आणणारा हा गडी, स्वतःचं पोट दुखायला लागल्यावर मात्र ओवा चघळत बसला. आतड्याला पीळ पडला होता. इथं आणलं तोवर पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं होतं. दुपारी ऑपरेशन ठरलं, मग रक्तदाब चढेना म्हणून थांबलं. आता उन्हं कलली होती आणि अजून कुणी न्यायला येत नव्हतं.

"तेजा," आण्णांनी हाक मारली. "येक घोट. डाक्टरला सांगत न्हाई मी."

"आण्णा, ऑपरेशन झालं की लगेच. तांब्याभर देते."

"दिवसभर त्येच सांगाय लागलीस."

तिनं तोंड फिरवलं. रडू आलं होतं, पण डोळ्यांतलं पाणी तरी त्यांना कशाला दाखवायचं. आपण पाटीच्या बाजूनं उभं राहिलो तरच आण्णा वाचतील, एवढं एकच तिनं सकाळपासून धरून ठेवलं होतं. आईशी भांडली ती त्याच जोरावर.

हे शब्द खरं तर आईनंच तिच्याकडून पाठ करून घेतले होते. आक्काताईला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं, पण पाठांतर म्हणजे मोठ्यानं म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं चुकू द्यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. गोठ्यात ती धार काढायची आणि तेजस्वी दावणीला टेकून म्हणायची. ती लॅटिन बोलली की आईनं मराठी सांगायचं. हळूहळू ते शब्द घरात रुळले. "स्टॅट या जेवायला, निवतंय," अशी हाक आण्णांना जायची, आणि आण्णा चहाची कपबशी पुढं करून म्हणायचे, "अ‍ॅड लिबिटम." स्टॅट म्हणजे ताबडतोब. अ‍ॅड लिबिटम म्हणजे हवं तितकं.

डॉक्टर आले. आण्णांच्या पोटाला हात लावला, पायाची बोटं चाचपली आणि दोघी बायकांच्या डोक्यावरून पाहत विचारलं, "तुमच्यात जाणतं माणूस कोण आहे?"

कोपऱ्यातले सयाजीकाका उठले. हे आण्णांचे धाकटे भाऊ. तेजस्वीही उठली, तर काकांनी हातानंच तिला खाली बसवलं. असल्या वेळी बाहेर गड्यांनी बोलायचं आणि बायकांनी आत थांबायचं, अशीच रीत होती. दाराच्या काचेतून तिला काकांची पाठ दिसत होती. ती पाठ एकदम वाकली.

काका परत आले ते भिंतीकडं बघतच.

"काय म्हणाले?"

"बघू म्हणालेत."

"कधी नेणार?"

"बघू म्हणालेत की. च्या घिऊन येतो मी." आणि ते निघून गेले.

मग सिस्टर आली. तिनं बोळ्यानं पाटी पुसली, पेनाचं टोपण काढलं आणि दोन-तीन शब्द लिहिले. जाताना आक्काताईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

तेजस्वीनं पाटी वाचली. पुन्हा वाचली. पोटाचं काहीच केलेलं नसताना ते शब्द तिथं कसे येतील? सिस्टर खाट चुकली असेल. तिनं शेजारच्या खाटेकडंही बघितलं. ती रिकामी होती.

"काय लिवलं गं?" आईनं विचारलं.

खोटं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि गोठ्यातल्या सवयीनं खरंच बाहेर पडलं. "अ‍ॅड लिबिटम."

"हवं तितकं," आक्काताई तितक्याच सवयीनं म्हणाली.

तिचा चेहरा उजळला. हात पाण्याच्या बाटलीकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिनं दाराकडं पाहिलं.

"सयाजी भायेरचा च्या कवा पितो गं?"

आक्काताईनं पदर खोचला. आण्णांचे गार पडलेले पाय चादरीखाली सारले आणि जरा वेळ तिथंच धरून ठेवले.

"राजवीरला फोन लाव," ती खालच्या आवाजात म्हणाली. राजवीर तेजस्वीचा भाऊ, पुण्यात नोकरीला होता. "म्हणावं, निघ. स्टॅट."

"आई..."

"आन् सयाजीला हाक मार. पाणी सगळ्यांनी पाजायचं. पैल्यांदा तू पाज. दिवसभर तुझ्याकडंच मागाय लागल्यात."

तेजस्वीनं वाटीत पाणी ओतलं. पहिला चमचा आण्णांच्या ओठांतून आत गेला. त्यांनी डोळे मिटले. गळ्याची घाटी वरखाली झाली.

"ऑपरेशन झालं व्हय गं?" त्यांनी विचारलं.

चमचा वाटीवर वाजला. तेजस्वीनं आईकडं पाहिलं. आक्काताई नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागं सारत होती.

"झालं की," ती म्हणाली. "म्हणून तर पाणी द्याय लागलोय."

"मग आनखी घाल."

तेजस्वीनं चमचा खाली ठेवला आणि वाटीच त्यांच्या ओठांना लावली.