चाचणी आजोबांचे पाहुणे

सकाळी खुर्चीत टेकले, पर्स अजून खांद्यावरच होती, तोवर मॅनेजर टेबलाशी येऊन उभा.

"दुसऱ्या मजल्याचे लोक बोंबलतायत. लिंक उघडली की पेज सापडत नाही म्हणे. आजच्या आज बघा."

आजच्या आज. या माणसाच्या कॅलेंडरात उद्या नावाचा दिवसच नाही. मी "हो" म्हटलं, कारण नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते.

आमची कंपनी लहान आहे. एका मोठ्या रुग्णालयाची वेबसाइट आम्ही सांभाळतो. तिथे महिनोन् महिने राहणारे रुग्ण असतात, लकवा झालेले, हाडं मोडलेले, पुन्हा चालायला शिकणारे. त्यांना भेटायचं तर आधी वेबसाइटवर विनंती टाकावी लागते. ती विनंती सिस्टर टॅबवर रुग्णाला दाखवते आणि रुग्णाने स्वतः 'हो' दाबलं तरच भेट ठरते. मला हा नियम आवडतो. खाटेवर पडलेल्या माणसाला निदान एवढं तरी ठरवता यावं, की आज कोणाचं तोंड बघायचं आणि कोणाचं नाही.

त्याच रुग्णालयात पहिल्या मजल्यावर माझे बाबा आहेत. उजवी बाजू गेली आहे. बोलणं परत येतंय, पण तुकड्या-तुकड्यांनी. सुरुवातीला ते व्यायामाला इतके पेटले होते की सिस्टरला म्हणावं लागायचं, आजोबा, आता पुरे. अलीकडे मात्र पाय उचलतच नाहीत. व्यायाम घेणारी मुलगी परवा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, असंच चाललं तर ते कायमचे चाकाच्या खुर्चीत राहतील. आत्ताचे हे दिवस गेले की पाय ऐकत नाही. ते कोणाची वाट बघतायत का? दार वाजलं की मान वळवतात."

कोणाची ते मला पक्कं ठाऊक होतं. दादाची.

बाबांचं शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान होतं. दादा एकदा आला आणि त्यांच्या तोंडावर म्हणाला, "बाबा, तुमचा हात थरथरतो. आता दुकान बंद करा." खरं बोलला, पण गिऱ्हाइकासमोर बोलला. बाबा लालबुंद झाले. "चालता हो," म्हणाले, "पुन्हा माझ्या दारात उभा राहू नकोस." दादा दुसऱ्या गावी राहतो, तो तसाच निघून गेला. दोघेही एकाच मातीचे, वाकायचं म्हणून माहीत नाही. मग बाबांचा तोच हात लुळा पडला.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. "मी भेटायची विनंती टाकली होती. बाबांनी नकार दिला. परत टाकली, परत नकार."

मी त्याचं ऐकता ऐकता डेटाबेस उघडला. बाबांच्या क्रमांकासमोर माझ्या विनंत्यांची रांग होती, दादाची एकही नव्हती. माझा पारा चढला. "दादा, यायचं नसेल तर येऊ नकोस. पण थापा मारू नकोस. सगळ्या विनंत्यांचं टेबल माझ्या डोळ्यांसमोर उघडं आहे."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

असो. तर दुसरा मजला.

रुग्णालयाने मध्यंतरी रुग्णांना नवे क्रमांक दिले होते. पूर्वी साधा आकडा होता. रुग्णांचे मजले दोनच, म्हणून आता आधी मजला, मग वॉर्डाचं अक्षर, मग खाट, असा सांकेतिक क्रमांक. तो खाटेशी टांगलेल्या कार्डावर छापतात आणि त्याची लिंक रुग्णालय नातेवाईकांना फोनवर पाठवतं, तिच्यावरून ते वेबसाइटवर येतात. आमची वेबसाइट पीएचपीच्या एका फ्रेमवर्कमध्ये लिहिलेली आहे. त्यात रूट नावाची सोय असते. कोणता पत्ता आला की कोणाकडे पाठवायचं हे ती ठरवते, फाटकावरच्या वॉचमनसारखी. पत्त्यातला क्रमांक वाचायचा आणि डेटाबेसमधून तो रुग्ण काढून द्यायचा, एवढंच काम. मी दुसऱ्या मजल्याची लिंक उघडली. पेज सापडलं नाही. रूट जागेवर होता. साठून राहिलेल्या जुन्या पानांचा कॅशे पुसला, पुन्हा उघडली, तेच.

शेजारच्या खुर्चीवर बघू बसतो. त्याचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलंय. काहीही सांगितलं की तो "बघू" म्हणतो, म्हणून बघू.

"बघू, रूट नक्की काय शोधतोय ते जरा बघ ना."

"बघू," तो म्हणाला, आणि नवल म्हणजे त्याने लगेच बघितलं. "अगं, नवा क्रमांक वेगळ्या रकान्यात आहे. रूट अजून जुन्याच रकान्यात शोधतोय. तिथे नुसते आकडे आहेत."

"मग काहीच सापडायला नको. कुठल्याच मजल्याचं."

"नाही ना. आपला डेटाबेस फार समजूतदार. आकड्याच्या रकान्यात अक्षरं आली की तो भांडत नाही. सुरुवातीचा आकडा ठेवतो आणि पुढचं सोडून देतो. दुसऱ्या मजल्यावरचा कोणीही आला की याच्या लेखी तो नुसता दोन."

दोन नंबरला आमच्या चाचणी आजी होत्या. वेबसाइट बनवताना खोटे रुग्ण लागतात, तेव्हा आम्ही एक नंबरला चाचणी आजोबा आणि दोन नंबरला चाचणी आजी बसवल्या होत्या. आजींना मागच्या साफसफाईत कोणीतरी उडवलं. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना पेज सापडत नव्हतं आणि सगळे ओरडत होते.

पहिल्या मजल्यावरून एकही तक्रार नव्हती.

पहिला मजला म्हणजे नुसता एक. एक नंबरला चाचणी आजोबा अजून ठणठणीत होते. त्यामुळे तिथे पेज सापडत होतं, विनंती जात होती, 'आपली विनंती पोहोचली' असंही छान दिसत होतं. पोहोचत मात्र होती ती आजोबांकडे. मला हे कधी कळलंच नाही, कारण मी रोज फोनमध्ये जपून ठेवलेली जुनी लिंक वापरते, साध्या आकड्याची. स्वतःच्या घराची वाट स्वतः बांधली की पाटी कोण वाचतो?

मी आजोबांचं पान उघडलं. कित्येक महिन्यांत ते कोणी उघडलं नव्हतं. जन्मालाच न आलेल्या त्या म्हाताऱ्याला भेटायला केवढी झुंबड! मुली, जावई, भाचे, शेजारी, जुने सोबती. आणि प्रत्येकासमोर एकच शिक्का: नाकारली.

"हे नाकारलं कोणी?" मी विचारलं.

बघूचा चेहरा उतरला. "ते... मी. म्हणजे माझा प्रोग्रॅम. आजोबांकडे चाचणीचा कचरा साठायचा, तूच म्हणाली होतीस काहीतरी कर. मग रोज पहाटे त्यांच्या सगळ्या विनंत्या आपोआप नाकारायच्या, असं लावून दिलं होतं."

"आणि नाकारली की पलीकडे मेसेज जातो."

"जातो," तो म्हणाला. "रुग्णाने आपली विनंती नाकारली आहे."

त्याला शिव्या द्यायचंही त्राण नव्हतं, आणि हक्क तर नव्हताच. मी खाली सरकत गेले. दादाचं नाव लागलं. पुन्हा लागलं. मग आणखी पुन्हा. भेटीचं कारण लिहायला आम्ही एक जागा ठेवली आहे. पहिल्यांदा त्याने लिहिलं होतं, 'मुलगा आहे.' पुढे, 'थोडाच वेळ.' त्याच्यापुढे नुसतं, 'बाबा, प्लीज.' सगळ्यात शेवटची विनंती त्याने मी त्याला थापाड्या म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकली होती. तारीख रिकामी. कारण: 'दारातूनच बघून जाईन. आत येणार नाही.'

मी स्क्रीनवरून मान वळवली. ऑफिसात रडायचं नाही हा माझा नियम आहे, तो मी बाथरूमपर्यंत कसाबसा पाळला.

रूट दुरुस्त करणं म्हणजे एका ओळीचं काम. नव्या रकान्यात शोध, असं सांगितलं की झालं. बघूने आजोबांचा प्रोग्रॅम बंद केला. खरं दुखणं पुढे होतं. आजोबांकडे साठलेल्या विनंत्या ज्याच्या त्याला कशा द्यायच्या? टेबलात तर सगळ्यांसमोर रुग्ण म्हणून एक हाच आकडा लिहिलेला. पण आलेला प्रत्येक पत्ता सर्व्हरच्या नोंदीत जसाच्या तसा राहतो, मजल्या-खाटेसकट. वेळ जुळवली की कोण कोणाकडे निघालं होतं ते कळतं.

मॅनेजर ऐकून हादरला. "जुनं उकरू नका. पुढचं नीट झालंय ना? लोक जाब विचारतील."

"विचारू देत. नकार रुग्णांनी दिलाच नाही, आपण त्यांच्या नावावर पाठवलाय. तिथे माणसं दाराकडे बघत पडलीयत."

"भावनेच्या भरात बोलू नका."

"भावनेच्या भरातच बोलतेय. माझे बाबा पहिल्या मजल्यावर आहेत."

त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "आधी बॅकअप घ्या," म्हणाला. "रुग्णालयाला मी कळवतो."

दुपारभर मी आणि बघू नोंदी जुळवत बसलो. पाठ मोडून आली. डबा तसाच राहिला. ऊन उतरलं तेव्हा डेटाबेसला शेवटचा हुकूम सोडला आणि नाकारलेल्या सगळ्या विनंत्या ज्याच्या त्याच्या नावावर पुन्हा उत्तराच्या प्रतीक्षेत गेल्या. चाचणी आजोबांचं पान रिकामं झालं. मी दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही. का उचलावा?

संध्याकाळी पहिल्या मजल्यावर पोचले तर टॅबवर टॅब वाजत होते. सिस्टरची एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर धावपळ चालली होती. बाबांच्या मांडीवर टॅब होता आणि ते त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"बाबा, दादा कधीचा विचारतोय. तुमच्यापर्यंत येतच नव्हतं. आमच्या कामात चूक झाली. त्याला वाटलं, तुम्हीच नाही म्हणताय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते की काय, लकव्यानंतर त्यांचा एक डोळा तसाही पाणावतो. मग डाव्या हाताचं बोट उचलून पहिल्या विनंतीवर 'हो' दाबलं.

टॅबवर अक्षरं आली: ही तारीख उलटून गेली आहे.

ती तपासणी माझीच. गेलेल्या दिवसाला होकार घ्यायचा नाही, असं मीच शहाणपणाने लिहून ठेवलं होतं, आणि दिवसभराच्या रगाड्यात विसरले होते. बाबांनी दुसऱ्या विनंतीवर 'हो' दाबलं. तारीख उलटून गेली आहे. पुढच्यावर. तेच. त्यांचं बोट थांबत नव्हतं. मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

"शेवटची दाबा, बाबा," मी म्हटलं. "तिला तारीख नाहीये."

शेवटची त्यांनी आधी वाचली. ओठ हलवत, शब्द शब्द. खूप वेळ वाचत होते. मग 'हो' दाबलं, आणि ते लागलं.

माझा फोन लगेच वाजला. दादा.

"ठमे, मला होकार आलाय," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "बाबांचाच आहे ना? की तुझ्या मशीनचं काही..."

"बाबांचाच. माझ्यासमोर दाबलाय. दादा, तू खरं बोलत होतास. चुकलं माझं."

"मी दारातच थांबेन," तो म्हणाला. "सांग त्यांना."

मी फोन बाबांच्या कानाला लावला. एकेक शब्द ओढून आणावा तसे ते बोलले.

"दारात नको," बाबा म्हणाले. "आत ये."