मागायचं नाही

...शिक्का जांभळा, जरा तिरका, घाईत मारलेला. ‘उशिरा आली.’ त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा — सोमवार, मंगळवार, बुधवार — आणि आजचा, गुरुवारचा, अजून ओला. सीमाबाईंनी त्यावर अंगठा टेकला तर शाई अंगठ्याला लागली. डायरीची मालकीण, अनुजा, दप्तराचे दोन्ही पट्टे मुठीत धरून टेबलासमोर उभी होती. तिसरीच्या अख्ख्या वर्गात सर्वांत आधी येणारी मुलगी. शाळा नऊची, आणि ही साडेआठला, रामजी शिपाई वर्गांची कुलपं काढत असताना, पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेली असते, कारण तिची आई तिला सोडून तशीच पुढे करी रोडला कामावर जाते. आणि तिच्या डायरीत ओळीने चार शिक्के.

“तू उशिरा आलीस?”

“नाही, बाई.”

“मग रामजींना सांगितलं का नाहीस?”

“ते म्हणाले, जो व्हरांड्यात उभा त्याला शिक्का.”

सीमाबाई तशाच उठल्या. वर्गाला पाढे लिहायला लावले आणि जिन्याखाली रामजींच्या स्टुलापाशी गेल्या. रामजी शिक्क्याचं पॅड बंद करत होते. “आता मी काय करू, बाई? रांगेत उभी होती, मारला. एकेकाला विचारत बसलो तर घंटा कोण देणार?” रामजींचं खरं तर काही चुकलं नव्हतं. प्रार्थना सुरू झाली की हॉलचं दार लागतं, मागाहून येणारी पोरं व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी राहतात, प्रार्थना संपली की त्यांच्या डायऱ्यांवर शिक्के पडतात. सीमाबाई स्वतः या शाळेत पहिलीला होत्या तेव्हापासून हे असंच चाललं होतं. नवीन एवढंच की सोमवारी अनुजाच्या वडिलांनी पत्र दिलं — आमच्या मुलीला रोजच्या सामुदायिक प्रार्थनेतून वगळावे, संविधान, कलम अठ्ठावीस — आणि मोठ्या बाईंनी पत्र वाचून तिला हॉलबाहेर काढलं. बाहेर म्हणजे व्हरांडा. व्हरांडा म्हणजे उशिरा. तीन शिक्के झाले की पालकांना बोलावणं, म्हणून काल चिठ्ठीही गेली होती, आणि आज अडीचला, शाळा सुटताना, तिची आई येणार होती. सगळं नियमाला धरून झालं होतं, आणि एका आठ वर्षांच्या पोरीला चार दिवस खोटं ठरवलं गेलं होतं. सीमाबाईंच्या कानशिलाशी काहीतरी ठणकू लागलं.

मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा फुल्ल होता. “अहो, मुद्दाम कोण करतंय?” मोठ्या बाई म्हणाल्या. “हॉलमध्ये बसायचं नाही, तर तिला ठेवू कुठे? वर्गांत तेव्हा कुणी नसतं. आणि कलमं काय लिहितात, जशी आपण सक्तीच करतो. प्रार्थनेत वाईट ते काय? सगळ्यांसाठीच मागतो ना आपण?” मग आवाज खाली आणून, जवळिकीने, “तुम्ही त्यांच्यातल्याच ना, सीमाबाई. आईला जरा नीट समजवा. पत्र मागे घेतलं की शिक्क्यांचा प्रश्नच मिटला. तुम्ही नाही का इतकी वर्षं प्रार्थना घेत? तुम्हाला कधी काही झालं?”

त्यांच्यातल्या. एकोणीस वर्षं ‘आमच्या सीमाबाई’ होते मी. नाताळच्या नाटकात मेंढरांना कापूस चिकटवायला आमच्या सीमाबाई, पालकांची भांडणं मिटवायला आमच्या सीमाबाई, दर मंगळवारची प्रार्थना एकही मंगळवार न चुकवता आमच्या सीमाबाईंकडे — आणि चार ओळींचं एक पत्र काय आलं, मी उठून त्यांच्यात जाऊन बसले. तसं जायलाही हरकत नव्हती, स्वतःच्याच माणसांत जायची लाज कसली. पण मला तिकडे ढकलायचं ते पुन्हा दलाली करायला. आणि वर तुम्हाला कधी काही झालं का! नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवायला बरी सापडले मी... हे सगळं मोठ्या बाईंना ऐकवायचं होतं. प्रत्यक्षात सीमाबाई “बघते” एवढंच म्हणाल्या आणि दार हळूच लोटून बाहेर आल्या. त्या ‘बघते’चाही त्यांना दिवसभर राग येत राहिला.

मधल्या सुट्टीत हॉल रिकामा असतो. सीमाबाई डबा घेऊन तिथे बसल्या, खिडकीजवळच्या बाकावर, आणि डबा उघडलाच नाही. तुम्हाला कधी काही झालं? — झालं ना. पहिल्याच दिवशी झालं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर वडील, गुणाजी, शिवडीच्या एका गोदामावर वॉचमन लागले होते आणि घरापासून जवळची, फी नसलेली शाळा म्हणजे ही मिशनची शाळाच होती. फाटकाशी ते उकिडवे बसले, तिची वेणी नीट केली आणि म्हणाले, “सगळे हात जोडतील तर तूही जोड. डोळे मीट म्हणाले तर मीट. पण मागायचं नाही काही. आपण कुणाकडे मागत नाही.” घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, सकाळी वंदना व्हायची, तीत मागणं नव्हतं. सहा वर्षांच्या सीमाला ते पटलं. बाकीची मुलं डोळे मिटून आजारी आजीसाठी, परीक्षेसाठी, पावसासाठी मागायची, आणि ती मनात सातचा पाढा म्हणायची. पुढे शिक्षिका म्हणून याच हॉलमध्ये समोर उभी राहिली तेव्हा तर सोयच झाली — प्रार्थना घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात, पोरांवर लक्ष ठेवायला. ‘आपण सगळे मिळून मागू या’ असं ती म्हणायची, दोनशे मुलं डोळे मिटायची, आणि ती डोकी मोजायची.

एक गोष्ट मात्र वडिलांना कधी सांगितली नाही. गाणं तिला आवडायचं. पेटीचा सूर लागला की दोनशे कोवळे गळे एकदम वर जायचे, हॉलचे पत्रे थरथरायचे, आणि सीमाबाईंच्या छातीत काहीतरी हलायचं, देव नसला तरी हलायचं. हे कुठल्या कलमात बसतं?

आणि दुसरी गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

नऊ वर्षांपूर्वी वडील केईएममध्ये होते, नळ्यांत, तिसरा दिवस. मंगळवार होता. आई, शेवंती, म्हणाली, जा तू, इथे बसून तरी काय करणार आहेस... सीमाबाई हॉस्पिटलातून चालत शाळेत आल्या, तोंडावर पाणी मारून उभ्या राहिल्या, “आपण सगळे मिळून मागू या” म्हणाल्या, दोनशे मुलांनी डोळे मिटले. डोकी मोजता मोजता त्या चाळिसाशी अडखळल्या. आणि त्यांनी मागितलं. दोनच शब्द, मनातल्या मनात — ‘बाबांना ठेव.’ कुणाला उद्देशून, ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. गुरुवारी वडील गेले. पुढे घरी वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले असताना, भन्तेजींच्या समोर पहिल्या रांगेत त्या ताठ बसल्या होत्या, पकडली गेलेली मुलगी बसते तशा. सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरांचा लोंढा हॉलसमोरून वर्गांकडे धावत गेला आणि सीमाबाईंनी न उघडलेला डबा पिशवीत टाकला.

अडीचला फाटकाशी अनुजाची आई, दर्शना, आली, डोळ्यांच्या दवाखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच, घामाने भिजलेली. “बाई, ही उशिरा कशी येईल? मी स्वतः सोडते हिला. ह्यांनी तर मला घरात बोलून बोलून...”

“ती उशिरा आलेली नाही,” सीमाबाई म्हणाल्या. “चूक आमची आहे. शिक्के मी खोडून सही केली आहे.”

“पत्रामुळे झालं ना हे? मागे घेऊ का आम्ही?”

इथे समजवायचं होतं. वाक्यही मोठ्या बाईंनी तयार करून दिलेलं होतं. सीमाबाई म्हणाल्या, “घेऊ नका. तो तुमचा हक्क आहे. आणि उद्यापासून ती व्हरांड्यात उभी राहणार नाही. प्रार्थनेच्या वेळी माझ्या वर्गात बसेल, चित्रं काढील. वर्गाची किल्ली मी रामजींकडून घेतली आहे.”

उद्या यावरून खोलीत काय होणार ते त्यांना माहीत होतं. होऊ दे. सकाळपासून कानशिलाशी ठणकणारं ते आता जरा निवलं होतं, पाठ सरळ झाली होती, कितीतरी दिवसांनी स्वतःविषयी बरं वाटत होतं. दर्शनाने पदराने गळा पुसला, हसली, आणि मग जवळ सरकून म्हणाली, “खरं सांगू का, बाई? पत्र ह्यांनी दिलं, पण विषय हिने काढला. रोज विचारायची, आमच्या बाई आपल्यातल्या, मग त्या का मागतात देवाकडे? मी म्हटलं, अगं, नोकरी आहे ती त्यांची. करावं लागतं. तोंडाने म्हणतात नुसतं, मनात काही नसतं. बरोबर ना, बाई?”

किती मायेने म्हणाली ती. माफ करून टाकलं होतं तिने सगळं, न विचारता. आता फक्त ‘हो’ म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं — एकोणीस वर्षांतला एक मंगळवार सोडला तर खरंच.

“नाही,” सीमाबाई म्हणाल्या.

दर्शनाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. पुढचं वाक्य येईल म्हणून ती थांबली होती. अनुजा मान वर करून बघत होती. सीमाबाईंची नजर फाटकाकडे गेली. माझ्या मनात काय असतं ते तुम्ही सगळ्यांनी ठरवून कसं टाकता? — मोठ्या बाईंनी ठरवलं की मला कधी काही झालं नाही, हिने ठरवलं की आत काही नसतंच, आणि त्याआधी, सगळ्यांच्या आधी, याच फाटकाशी उकिडवं बसून बाबांनी ठरवलं... आपण कुणाकडे मागत नाही. मग तुम्ही त्या नळ्यांत पडलेले असताना मी कुठे जायचं होतं, बाबा? सहा वर्षांच्या पोरीला सांगून ठेवलंत, आणि त्या एका दिवसाचं काय करायचं ते सांगायचं राहिलं तुमचं.

“बाई?” दर्शना म्हणाली.

“तुम्ही निघा, उशीर होईल,” सीमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, आणि तो त्या दोघींवर नव्हता. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्यांना वडिलांचा राग आला होता.