पहिल्या क्रमांकाचा पूल

मित्रांनो, मी एक जुना पूल आहे. आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून मला केले आहे आणि शाळेत, शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर मी धूळ खात पडलो आहे. माझ्या पायाशी चिठ्ठी आहे : 'विद्यार्थिनीने स्वतः केलेला पूल. प्रथम क्रमांक.' ती धादांत खोटी आहे.

चौथीतल्या त्या मुलीला घरी मुंगी म्हणत, कारण ती सतत काहीबाही वेचून आणायची. बाईंनी वर्गाला पूल करायला सांगितले, तेव्हा काड्या जमवून, धुऊन, वाळवून तिने एकटीने पूल बांधला. तो एका बाजूला कलला होता, पण पाण्याने भरलेला पेला वर ठेवला तरी मोडला नाही. ती टाळ्या पिटत बाबांना बोलवायला धावली.

बाबा एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढत. पूल बघून त्यांना हसू फुटले.

“हा पूल आहे की मोडकी खाट? सरक, मी करून देतो.”

“करू द्या ना तिचं तिला. शाळा तिची आहे, तुमची नाही,” आई म्हणाली.

“आणि सगळ्यांसमोर नाक कापलं जाईल त्याचं काय?”

बाबा पट्टी आणि कोनमापक घेऊन मला बांधायला बसले. काड्या कमी पडल्या, तेव्हा त्यांनी मुंगीचाच पूल सोडवला आणि त्याच्या काड्या माझ्या कठड्यांना लावल्या. ती शेजारीच होती. तिने हात पुढे केला की ते म्हणत, “हात नको लावूस, बिघडेल.” त्यांची माया खोटी नव्हती, म्हणून तर आईनेही त्यांना पुढे अडवले नाही.

शाळेत बाईंनी विचारले, “ही कमान कशी वळवलीस गं?” मुंगी मान खाली घालून उभी राहिली. बाई काय ते समजल्या. पण दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते आणि मी देखणा होतो. मुलांनी स्वतः केलेले, डिंकाने बरबटलेले पूल त्यांनी मागच्या बाकाखाली सरकवले आणि मला पुढे मांडले. पाहुण्यांनी मला पहिला क्रमांक दिला, टाळ्या पडल्या. बाबांची छाती फुगली. मला माझीच किळस आली.

पुढच्या वर्षी वर्गाला पवनचक्की करायची होती. तेव्हा मुंगीची आई बाईंना भेटायला या खोलीत आली.

“या वेळी तिच्या बाबांनीच सांगितलं, तूच कर. सगळं सामान पुढ्यात ठेवलं. तर ही मांडीखाली हात घालून बसून राहिली. म्हणाली, ‘बाबा, तुम्हीच करा. मी केलं की बिघडतं.’”

बाईंची नजर वर, माझ्या पायाशी असलेल्या चिठ्ठीकडे गेली.

मित्रांनो, उद्या तुम्ही आईबाप व्हाल, शिक्षक व्हाल. पोराचे वेडेवाकडे काम बघून तुमचेही हात शिवशिवतील. तेव्हा ते मागे बांधून उभे राहा. पोराला चुकू द्या, रडू द्या, पण त्याचे काम हिसकावून घेऊ नका. माझी एक काडीही अजून हललेली नाही. इतके नीट काम कुणाच्याही लेकराच्या वाट्याला येऊ नये.