अंबाडीचे पांढरे केस

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. मुंबईकडच्या मुलांनी लगेच माझ्यात भाताचं आधण ठेवू नये. मी नाटकात डोक्यावर घालायचा, पांढऱ्या केसांचा टोप. केस म्हणजे आपलं म्हणायचं. मूळचा मी चाकूरच्या शिवारातली अंबाडी. माझ्या भावंडांचे दोरखंड झाले, ती बैलांच्या सहवासात रमली. मी कलेच्या क्षेत्रात आलो.

मला आणलं बसवंतअप्पांनी. त्यांचं लातुरात भुसार मालाचं दुकान, आणि हौशी नाटकांत ते रंगभूषा करत. भाड्याचा टोप सोलापुराहून यायचा, तो बहुधा नाटक संपल्यावर पोचायचा. म्हणून अप्पांनी अंबाडी भिजवली, झोडपली, उन्हात पांढरी केली आणि मांजरपाटाच्या टोपीवर शिवली. मग प्रश्न आला डोक्याचा. नाटकात आईचं काम होतं आणि कॉलेजातली एकही मुलगी म्हातारी व्हायला तयार नव्हती. त्यांतलीच महानंदा, एकोणीस वर्षांची. तिला नायिका व्हायचं होतं.

"येवढ्या बारी म्हातारी हो, महानंदे," अप्पा म्हणाले. "पुढच्या बारी बघू."

ती बारी चाळीस वर्षं चालली.

काम ती असं करायची, की नांदेडला प्रयोग संपला की बायका पाया पडायला आत यायच्या. तोवर मला खुंटीला अडकवून ती दारात आलेली असायची. त्या बायका तिलाच बाजूला सारून म्हणायच्या, "सरका की ओ ताई. त्या आई कुठं गेल्या?" बक्षीस तिला मिळे, पेपरात फोटो माझा येई. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

पुढे मालिकांनीही तिला बोलावलं. तिथं आम्ही दोघं मागच्या रांगेत उभं राहून रडत असू.

दरम्यान माझ्या खालचे केस खरोखरच पांढरे झाले. ती ते काळे करी. "स्टेजवर म्हातारी हाय तेवढी पुरे," म्हणे. बाजारात काळी, रंगमंचावर पांढरी, आणि खरी कुठली हे विचारायला कुणी येत नव्हतं.

मग अक्षरा आली. नांदेडची पोरगी, पहिलाच सिनेमा दिग्दर्शित करत होती. त्यात आजीचं काम, जवळजवळ सिनेमाभर. अप्पा मला धुऊन विंचरून घेऊन आले. अक्षरानं मला हातात घेतलं, कौतुकानं पाहिलं आणि खाली ठेवलं.

"टोप नको, मावशी. तुमचेच केस पाहिजेत. रंग लावणं बंद करा."

"आन् माझे बरे न्हाई दिसले तर?"

"तर दुसरं कुणीतरी बघावं लागंल." या धंद्यात ती नवी होती, खोटं बोलायची सवय अजून लागायची होती.

पुढचे काही महिने महानंदा डोक्यावर पदर घेऊन फिरली. शेजारच्या सिंधुताईंनी हटकलंच, "डोकं झाकून फिरून राहिल्या, बरं न्हाई का?"

"आजी हून राहिले."

सिंधुताईंनी पेढे मागितले.

चित्रीकरण चाकूरजवळच्या एका वस्तीवर होतं. महानंदानं मला पिशवीत लपवून आणलं होतं. ऐन वेळी तिनं मला अप्पांच्या हातात दिलं.

"अप्पा, लावा हे. ह्याच्याबिगर मी कधी म्हातारी झालेच न्हाई. बोलणं सुचंना मला."

अप्पांनी तिचा पदर मागे सारला आणि पिकलेले केस बोटांनी सारखे केले.

"जल्मभर अंबाडीला केस म्हणून खपवलो मी. आता केसाला अंबाडीनं झाकू का?"

आणि मला मांडीवर घेऊन ते बाजेवर बसले.

प्रसंग साधा होता. नात शिकायला निघाली आहे, आजी भाकरी थापते आहे. आजीला एकच वाक्य, "पोचलीस की फोन कर." मध्येच वारा सुटला. माझा केस कधी उडाला नव्हता, अप्पांची शिलाईच तशी. तिची मात्र एक बट सुटून डोळ्यांवर आली. हात पिठाचे. तिनं मनगटानं बट मागे सारली, ती परत आली, परत सारली, आणि त्या खटपटीत नातीकडं न बघताच म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

मित्रांनो, मी चाळीस वर्षं तिच्या डोक्यावर होतो. तिचं काम समोरून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अक्षरा "कट" म्हणाली, पण हळू. सवयीनं महानंदाचे हात कानामागं गेले, माझ्या पिना काढायला. काढण्यासारखं काही नव्हतं. हात तिथंच राहिले, केसांत, पिठासकट. वस्तीवरची एक बाई जवळ आली, तिच्याकडं नीट बघत म्हणाली, "तुमचं नाव काय म्हणायचं, आई?"

"महानंदा," ती म्हणाली. आणि मग, ऐकू गेलं नसेल असं वाटून, पुन्हा एकदा.

मी आता डब्यात असतो. अप्पांनी कडुनिंबाचा पाला घातला आहे, माझी काळजी नको. तुम्ही नाटक बघायला जा. आवडलं, तर पडदा पडल्यावर आत जा. टोप हातात घेऊन एक बाई उभी असेल. तिला नाव विचारा.