गोळ्यांवरचं भरलेलं ताट

अकरावीतल्या त्या मुलीला सगळा मोहल्ला ‘डॉक्टरीण’ म्हणायचा, ते चेष्टेने. डोळे अधू झालेल्या किंवा वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या डब्यांवर ती आणि तिची मैत्रीण चित्रांच्या चिठ्ठ्या चिकटवत. सकाळच्या गोळीला उगवता सूर्य, दुपारच्या गोळीला डोक्यावरचा, रात्रीच्या गोळीला चंद्र. जेवणाआधी घ्यायची असेल तर रिकामं ताट, जेवणानंतर असेल तर भरलेलं. औषधाच्या दुकानातल्या मावशी प्रत्येक चिठ्ठी तपासून देत. एकोणीस घरांत हे काम सुरळीत चाललं होतं.

मंगळवारी दुपारी मैत्रीण धापा टाकत आली. “शिंपीकाका मशीनवरच कोसळले. साखर एकदम उतरली म्हणे. दवाखान्यात नेलंय.”

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. काकांच्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांवर रविवारी तिनेच चिठ्ठ्या लावल्या होत्या. ताट भरलेलं काढलं होतं की रिकामं? काही केल्या आठवेना. मावशींना दाखवल्याचं आठवत होतं, पण त्या दिवशी दुकानात गर्दी केवढी होती!

“तू गप्प राहा. तुला कोण विचारतंय?” मैत्रीण म्हणाली.

“कुणी विचारायची वाट बघू? चूक माझी असेल तर डॉक्टरांना आधी कळायला हवं.”

नोंदवही उचलून ती निघाली. वाटेत वही उघडून बघायचाही धीर झाला नाही. दवाखान्यात काकांची सून बाकावर बसली होती. तिच्याकडे मान वर करून बघवेना.

डॉक्टरीणबाई, म्हणजे खऱ्याखुऱ्या, गोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या. “ही चित्रं कुणी काढली?”

“मी,” मुलगी पुढे झाली. “माझी चूक झाली असेल तर सांगा.”

बाईंनी तिची वही घेतली, स्वतःच्या कागदाशी ओळ न ओळ ताडून पाहिली आणि चष्मा वर सरकवला. “चूक? डब्यावरची चित्रं बघून काकांनी दुपारची कोणती गोळी घेतली ते मला लगेच कळलं, म्हणून उपचाराला वेळ लागला नाही. सगळं बरोबर आहे. जा, आत जा. शुद्धीवर आलेत.”

काका उशीला टेकून ग्लुकोजचं पाणी पीत होते. तिला बघून ओशाळले. “ताट भरलेलंच काढलं होतंस गं पोरी. मीच शहाणा! शाळेच्या गणवेशांचं काम होतं. म्हटलं, गोळी घेऊन टाकू, एवढी बाही लावू, मग जेवू. एका बाहीच्या चार झाल्या.”

“आणि मला म्हणाले, जेवण झालं!” दारातून सून कडाडली. “आता समोर बसून भरवते की नाही बघा.”

काका हसले. मुलगीही हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. सुनेने तिला जवळ घेतलं. “वेडी कुठली! तुझ्या चिठ्ठ्या नसत्या ना, तर मी डॉक्टरांना काय सांगणार होते? मला कुठे कळतंय कोणती गोळी कसली?”

बाहेर पायरीवर बसून मुलीने आईला फोन लावला आणि पुन्हा हुंदका आला.

“अगं, काय झालं? बोल ना!” आई घाबरली.

“काही नाही झालं गं, आई,” ती डोळे पुसत म्हणाली. “खरंच, काहीच नाही झालं.”