एक वाकते, एक उभी राहते

"पाच मिनिटं थांबू दे त्यांना," तबस्सुम मॅडम दारातल्या पत्रूला म्हणाल्या. "पोरगी चांगलं लिहितेय. तिसरा प्रश्न होऊ दे तिचा."

पत्रू कॉलेजचा जुना शिपाई. एरवी मॅडमच्या एका वाक्याला त्याची दोन असायची. आज तो चौकट धरून नुसता उभा राहिला. खिडकीजवळच्या बाकावर साधना खाली मान घालून लिहीत होती. बाहेर तिच्या गावचा कुणी माणूस आला होता.

पोंभुर्ण्याच्या त्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अमेरिकेच्या शासनाचा पेपर होता. वॉशिंग्टनचं सरकार कसं चालतं, राज्यांचं कसं चालतं, कुणाचा अधिकार कुठे संपतो. तबस्सुम मॅडम तो बारा वर्षांपासून शिकवत होत्या, तासिका तत्त्वावर. दर जूनला नवा आदेश निघायचा, मग त्या पुन्हा मॅडम व्हायच्या. चंद्रपूरहून सकाळची एसटी, संध्याकाळी परत. नागपूरच्या पलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, पण अमेरिकेची पन्नास राज्यं त्यांना अलाबामापासून वायोमिंगपर्यंत ओळीनं पाठ होती. दरवर्षी पहिल्या तासाला त्या ती घडाघडा म्हणून दाखवायच्या. पोरं टाळ्या पिटायची, अन् व्हरांड्यातून पत्रू ओरडायचा, "सुटली मॅडमची गाडी! आता एकदम वायोमिंगलेच थांबते!"

महिन्यापूर्वी त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले होते. एक कायदा करणाऱ्यांचा, एक राष्ट्राध्यक्षाचा, एक न्यायालयाचा. मध्ये उलटसुलट बाण. "कुणी एकटा मोकाट सुटू नये म्हणून प्रत्येकानं दुसऱ्यावर नजर ठेवायची. समजलं?"

कुणाला समजलं नव्हतं. साधना उठून उभी राहिली.

"मॅडम, हे तं मोह्याचे फुलं वेचाचंच हाय."

वर्ग हसला. साधना लाजली, पण बसली नाही.

"मी अन् माय पहाटे जातो ना, तं एक वाकते अन् एक उभी राह्यते, तिच्याकडं पाठ करून. वाकलेल्या मानसाले वाघ जनावर समजते. म्हनून उभी असनारीनं गानं म्हनतच राहाचं. गानं थांबलं का वाकनारीनं टोपली सोडून ताठ व्हाचं. मंग पाळी बदलवाची."

"आणि एकटीच असली तर?"

"एकटीनं नाई जमत, मॅडम. वाकून गाता येत नाई. दम पुरत नाई."

"तुझी आई काय म्हणते गाण्यात?"

साधनानं खाली बघत म्हणून दाखवलं होतं:

मोहा पडे टपटप, झाड मोहाचं हालते,
वेच सई तू निवांत, माही नजर चालते.

त्या दिवशी बसमध्ये मॅडमनी ते वहीत उतरवून घेतलं. बारा वर्षांत एवढं सोपं उदाहरण त्यांना सुचलं नव्हतं.

आणि कालचं. काल संध्याकाळी बसच्या थांब्यावर साधना घुटमळत आली होती. "मॅडम, उद्या चाचनीले नाई आली तं चालन का? मोह्याचे दिवस हायेत. माय एकटी पडते."

"अंतर्गत गुण जातील बेटा. एक दिवस आईला म्हण, घरी थांब."

"मोहा थांबत नाई ना. उजाडलं का हरनं, डुकरं खाऊन टाकते."

"मग मी काय करू, तूच सांग."

तेवढ्यात बस आली होती.

"मॅडम," आता पत्रू चौकट सोडून आत आला. आवाज इतका खाली, की पहिल्या बाकालाही ऐकू जाऊ नये. "पाच मिन्टानं काही फरक नाई पडत आता. तिच्या मायले वाघानं नेलं."

साधना गेली. उत्तरपत्रिका बाकावर तशीच राहिली. निळ्या शाईत शेवटची ओळ होती: एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवले नाही तर

पुढे कोरं.

दुपारी मॅडम पत्रूच्या मोटारसायकलवर मागे बसून तिच्या गावी गेल्या. गावाच्या तोंडाशी लोकांनी वनखात्याची गाडी अडवली होती. साहेब घाम पुसत समजावत होते, "पिंजऱ्याचा आदेश वरून येतो. माझ्या हाती नाही."

"वर म्हंजे कुठी?" कुणी विचारलं. साहेबांनी फोन कानाला लावला.

साधनाचा बाप मुखरू भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही डोळ्यांत फूल पडून दिसेनासं झालेलं, तरी मॅडमच्या आवाजाकडे त्यानं मान वळवली.

"तुमी सरकार शिकवता म्हन्ते साधना. मंग सांगा ना याइले, कोनाच्या हाती हाय ते."

"मी अमेरिकेचं शिकवते, भाऊ."

मुखरू अगदी साध्या चौकशीच्या सुरात म्हणाला, "तिथी कोन पाह्यते मंग?"

मॅडमना फळ्यावरचे तीन चौकोन आठवले. त्या खाली बसल्या.

शेजारची बाई पदर तोंडावर धरून साधनाच्या आईचं, इंदुताईचं सांगत होती. ऐकणाऱ्याला नव्हे, स्वतःलाच. "इंदुताईचं गानं आयकू येत होतं ना आमाले, लांबच्या झाडाखाली. मधी मधी थांबे. आमाले वाटे, वाकली असन. पुन्हा सुरू होये. मंग थांबलं. आमाले वाटलं, वाकलीच असन."

साधना जंगलातून आणून ठेवलेल्या आईच्या पायाशी बसली होती. मॅडमकडे तिनं एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

आठ दिवस ती कॉलेजात आली नाही. पिंजरा आला, रिकामाच उभा राहिला. नवव्या दिवशी पत्रूनं चहा टेबलावर ठेवला आणि तिथंच रेंगाळला.

"पोरगी जाते म्हन्ते मोह्याले. एकटी."

"एकटी? का?"

"झाडं सोडली तं वर्सभर काय करन? बापाले दिसत नाई. बायाइच्या जोड्या आधीच बांधल्या हायेत, अन् त्या झाडाखाली कोन जाईन आता?"

मॅडमनी चहा घेतला नाही. त्या दिवशी त्या संध्याकाळच्या बसनं चंद्रपूरला गेल्या नाहीत. पत्रूच्या घरी थांबल्या, त्याच्या बायकोच्या हातची भाकर खाल्ली, आणि तांबडं फुटायच्या आत पत्रूनं त्यांना साधनाच्या गावाजवळ, रानात जाणाऱ्या पांदीच्या टोकाशी सोडलं.

मोहाच्या झाडाखाली पालापाचोळा जाळून जमीन काळी केलेली. तिच्यावर फिकट पिवळी फुलं पडलेली. गोड, जड वास. साधना टोपली घेऊन उभी होती, अजून वाकली नव्हती. चाहूल लागताच ती गर्रकन वळली.

"काऊन आल्या मॅडम? तास नाई का आज?"

"आहे. अकराला."

"हे काई कॉलेज नोहे. जा तुमी."

मॅडमनी पायातले सँडल काढून बाजूला ठेवले, ओढणी कमरेला गुंडाळली आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. समोर बांबूची रांजी, दाट वाढलेलं बेट, तिच्यामागे झाडं, झाडांमागे अजून न उजळलेला काळोख.

"गानं येते का तुमाले?" मागून आवाज आला.

मॅडमनी तोंड उघडलं. इंदुताईची ओवी वहीत होती, ओठावर होती. ती म्हणायचा आपल्याला काय हक्क, असं वाटून त्यांनी ती गिळली.

"अलाबामा," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला. त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं तसं जोरात म्हटलं, "अलाबामा, अलास्का, ॲरिझोना, अर्कान्सा. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, कनेक्टिकट…"

आणखी पाच-सहा राज्यं गेली, मग मागे टोपलीत पहिलं फूल पडलं. मग दुसरं.

ओहायो गेलं, ओरेगॉन गेलं. पाय भरून आले. "पाळी बदलायची ना?" राज्यांच्या मध्येच त्यांनी मान न वळवता विचारलं.

"नाई," साधना खालून म्हणाली. "तुमी उभ्याच राहा."

वायोमिंग आलं. टोपली अजून अर्धीच होती. मॅडमनी श्वास घेतला, बांबूच्या रांजीवरची नजर काढली नाही, आणि पुन्हा अलाबामापासून सुरू केलं.